टाळ्या कुणाला, टिंगल कुणाची?

सदर : पडद्यामागची माणसं

दोस्तांनो, या आठवड्यात गोष्टीला हात घालण्याआधी एक पत्र. साताऱ्याकडच्या एका नववीतल्या मैत्रिणीनं पाठवलंय. तिचं नाव मी छापत नाही, कारण तिनंच तसं बजावलंय!

ती लिहिते, "काका, मी गाण्याच्या एका स्पर्धेच्या ऑडिशनला गेले होते. पहाटे चारची एसटी पकडून बाबांबरोबर गेले. साडेपाच तास रांगेत उभी राहिले. आत एक ताई आणि एक दादा बसले होते. मी ध्रुवपद गायले, अंतरा सुरू केला तोच 'थँक यू' म्हणाले. माझ्या पुढचा मुलगा सुरात नव्हता. पण त्याला त्यांनी थांबवून घेतलं, नाचायला लावलं, कॅमेरा आणून पुन्हा गायला लावलं. काका, तिथं नेमकं ठरवतं कोण? आणि काय बघून? पुढच्या वर्षी जाऊ की नको?"

वाचून मी गप्पच झालो. 'रियाज कर, यश मिळेल' असं एका ओळीचं उत्तर लिहिता आलं असतं. पण तिचा प्रश्न त्याहून मोठा आहे. म्हणून आज ठरवणाऱ्या माणसालाच भेटू या. परीक्षकांना नव्हे हं! ते तर पडद्यावर दिसतात. आपण भेटणार आहोत तो पडद्यामागच्याही मागे, वाहिनीच्या कचेरीत बसतो. कोणता कार्यक्रम घ्यायचा, कोणता नाही, कधी दाखवायचा, कधी बंद करायचा, हे तो ठरवतो.

असा एक माणूस म्हणजे अमेरिकेतला माइक डार्नेल. जन्म १९६२ चा. लहानपणी त्यानं मालिकांमधून छोटी छोटी कामं केली होती. पुढे अभिनय सुटला, पण दूरचित्रवाणी काही सुटली नाही. एकेक पायरी चढत तो 'फॉक्स' वाहिनीच्या विशेष कार्यक्रमांच्या विभागात पोहोचला आणि १९९०च्या दशकात तिथला महत्त्वाचा माणूस झाला.

आता ही फॉक्स म्हणजे त्या वेळचं शेंडेफळ बरं का! एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तीन जुन्या, बलाढ्य वाहिन्या. त्यांच्यापुढे १९८६ मध्ये सुरू झालेली फॉक्स चौथी. मोठी भावंडं आधीच पंगतीला बसलेली असली की धाकट्याला जरा मोठ्यानं ओरडावं लागतं, नाही का? फॉक्सनं तेच केलं.

ओरडायचं कधी, हेही ठरलेलं होतं. अमेरिकेत त्या काळी वर्षातून चार वेळा, म्हणजे फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये, गावोगावच्या प्रेक्षकांची मोजदाद व्हायची. निवडक घरांत वह्या वाटायच्या. कोणी, कधी, काय पाहिलं ते लोकांनी वहीत लिहायचं. त्या आकड्यांवरून स्थानिक केंद्रांच्या जाहिरातींचे दर ठरायचे. म्हणजे वाहिन्यांची ही चाचणी परीक्षाच! आणि परीक्षा जवळ आली की आपण जसे जागरणं करतो, तशा वाहिन्या त्या महिन्यांत एकेक अचाट कार्यक्रम काढायच्या. डार्नेलचं काम म्हणजे ही परीक्षा मारून नेणं.

त्याच्या हातातलं हत्यार होतं 'संहिता नसलेला कार्यक्रम'. मालिकेला लेखक लागतो, नट लागतात, संवाद पाठ करून घ्यावे लागतात. इथं तसं नाही. खरी माणसं आणायची, त्यांना एखाद्या प्रसंगात टाकायचं आणि काय होतं ते टिपायचं. खर्च कमी, आणि लेखकांचा संप झाला तरी दुकान चालू! १९८८ मध्ये अमेरिकेत पटकथालेखकांचा पाच महिने संप झाला. पाठोपाठ १९८९ मध्ये फॉक्सवर 'कॉप्स' सुरू झाला. पोलिसांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरायचं, बस्स! ना नट, ना संवाद. हा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला.

प्रश्नचिन्हाची युक्ती

डार्नेलचं नाव गाजलं ते ऑगस्ट १९९५ मध्ये. फॉक्सवर एक कृष्णधवल फिल्म दाखवली गेली. टेबलावर एक विचित्र प्रेत, मोठं डोकं, काळे डोळे, आणि डॉक्टर त्याची चिरफाड करताहेत. सांगणं असं, की १९४७ मध्ये अमेरिकेतल्या रॉसवेलजवळ परग्रहावरचं यान कोसळलं, त्यातल्या प्राण्याचं हे शवविच्छेदन! लंडनच्या रे सँटिली नावाच्या व्यावसायिकानं ही फिल्म मिळवली होती. कार्यक्रमाचं नाव होतं 'एलियन ऑटॉप्सी : फॅक्ट ऑर फिक्शन?' म्हणजे 'खरं की कल्पित?'

त्या शेवटच्या प्रश्नचिन्हाकडे नीट बघा, दोस्तांनो. गंमत तिथं आहे. 'हे खरं आहे' असं वाहिनी म्हणतच नाही. 'आम्ही फक्त विचारतोय, तुम्हीच ठरवा' असं म्हणून ती मोकळी! लोकांनी कार्यक्रम डोक्यावर घेतला. फॉक्सनं तो पुन्हा पुन्हा दाखवला.

पुढं काय झालं? १९९८ मध्ये फॉक्सनंच जगातल्या मोठमोठ्या लबाड्यांवर एक कार्यक्रम केला आणि त्यात ही फिल्म बनावट असल्याचं दाखवलं. म्हणजे आधी भूत विकलं, मग भूत उतरवण्याचा मंत्रही विकला. दोन्ही वेळा गल्ला त्याच दुकानात! शेवटी २००६ मध्ये सँटिलीनं स्वतःच कबूल केलं, की ते चित्रण लंडनमधल्या एका घरात केलं होतं. प्रेत म्हणजे शिल्पकारानं केलेला पुतळा, आणि आत भरली होती मेंढीची आणि कोंबडीची आतली-बितली! अर्थात आपण मूळ फिल्म पाहिली होती, ती खराब झाली म्हणून 'पुन्हा बनवली', असंही तो म्हणत राहिला.

ही युक्ती जुनी झाली असं समजू नका. आज तुमच्या मोबाइलवर 'या किल्ल्यात खरंच भूत आहे का?' असं मथळ्याचं चित्र दिसतं, तेव्हा ते डार्नेलच्याच प्रश्नचिन्हाचं नातवंड असतं.

मग एकामागून एक कार्यक्रम आले. 'व्हेन ॲनिमल्स अटॅक' मध्ये प्राण्यांनी माणसांवर केलेले हल्ले. १९९७ मध्ये एक मुखवटेधारी जादूगार आला आणि प्रसिद्ध जादूंची गुपितं धडाधड फोडू लागला. जगभरचे जादूगार खवळले. पोटावर पाय आला ना त्यांच्या! एकदा तर खरंखुरं जंबो जेट वाळवंटात मुद्दाम पाडायचं आणि ते दाखवायचं, असा बेत होता. १९९९ मध्ये तो गुंडाळावा लागला.

जानेवारी २००३ मध्ये माणूस विरुद्ध जनावर अशा शर्यती लावल्या. शॉन क्रॉफर्ड नावाचा धावपटू जिराफाशी जिंकला, पण झेब्र्याशी हरला. (पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, अथेन्स ऑलिंपिकला त्यानं २०० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवलं. झेब्रा तिथं नव्हता!) इथपर्यंत हसायला ठीक. पण त्याच कार्यक्रमात अगदी ठेंगण्या चणीच्या ४४ माणसांना एकीकडे आणि हत्तीला दुसरीकडे विमान ओढायला लावलं. हत्ती जिंकला. सांगा बरं, लोक तिथं नेमकं काय बघायला बसले होते? शर्यत, की ती माणसं?

फेब्रुवारी २०००

आणि आता ती घटना, जिच्यामुळे डार्नेलची खुर्ची चांगलीच डगमगली.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एबीसीवर 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर' सुरू झालं. मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, १९९८ चा. आपल्याकडे तो जुलै २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती' होऊन आला, हे तुमच्या घरातली मोठी मंडळी डोळे चमकवून सांगतील. अमेरिकेत त्यानं सगळ्यांची झोप उडवली. फॉक्सला उत्तर हवं होतं. डार्नेलनं काढलेलं उत्तर असं : एक श्रीमंत माणूस पडद्याआड, समोर ५० मुली, आणि दोन तासांत त्यातल्या एकीशी त्याचं तिथंच, सगळ्यांसमोर लग्न!

१५ फेब्रुवारी २००० ला लास व्हेगासहून तो कार्यक्रम दाखवला. दोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. परीक्षा एकदम पहिल्या नंबरानं पास! पण आनंद चार दिवस टिकला. पत्रकारांनी शोधून काढलं, की या नवरदेवाविरुद्ध १९९१ मध्ये कोर्टाचा मनाई हुकूम निघाला होता, आणि तो हुकूम मागणारी होती त्याची पूर्वीची मैत्रीण. तिला आपल्या जिवाची भीती वाटत होती. ज्या माणसाच्या हातात दोन तासांत एका मुलीचा हात दिला, त्याची नीट चौकशीच झाली नव्हती!

पुनःप्रक्षेपण रद्द झालं. काही आठवड्यांत ते लग्नही कोर्टानं रद्दबातल ठरवलं. असले कार्यक्रम आता बंद, असं फॉक्सच्या वरिष्ठांनी जाहीर केलं.

आपल्या घरात सोयरीक जुळवताना गाव काय, घर काय, माणसं कशी, हे दहा ठिकाणी विचारतात. कधी कधी त्याचा कंटाळाही येतो. पण इथं कोट्यवधी रुपयांची यंत्रणा असून ती साधी गोष्ट राहून गेली. कारण विचारण्याची घाई कुणाला नव्हती, दाखवण्याची होती.

तुम्हाला वाटेल, संपली त्याची कारकीर्द. छे! पुढच्याच वर्षी असल्याच धर्तीचे कार्यक्रम पुन्हा सुरू. २००३ मध्ये 'जो मिलियनेअर' आलं. बांधकामावर काम करणाऱ्या एका तरुणाला कोट्यधीश म्हणून फ्रान्समधल्या वाड्यात बसवलं आणि २० मुलींना सांगितलं, याचं मन जिंका. खरं काय ते शेवटच्या भागात कळणार! तो शेवटचा भाग सुमारे ४ कोटी लोकांनी पाहिला. त्याच वर्षी दुसरं पर्व काढलं, ते साफ आपटलं. फसवणूक एकदाच खपते, बरं का. दुसऱ्यांदा लोक आधीच हसतात.

अन् मग आलं गाणं

२००१ मध्ये ब्रिटनमध्ये सायमन फुलर यांनी 'पॉप आयडल' काढलं. अमेरिकेतल्या वाहिन्यांना ते काही पटेना. गाण्याची स्पर्धा? ती कोण बघणार? फॉक्सही रेंगाळतच होती. असं सांगतात, की फॉक्सचे मालक रूपर्ट मर्डोक यांना त्यांच्या मुलीनं, एलिझाबेथनं, ब्रिटनमधली लोकप्रियता सांगितली आणि वरून हुकूम आला : घ्या तो कार्यक्रम!

जून २००२ मध्ये 'अमेरिकन आयडल' सुरू झालं. डार्नेल त्याचा वाहिनीकडचा प्रमुख. सप्टेंबरमध्ये टेक्ससमधल्या बर्लसन गावची केली क्लार्कसन जिंकली, तेव्हा ती अवघी २० वर्षांची होती. पुढे २००३-०४ पासून २०१०-११ पर्यंत, सलग आठ हंगाम, अमेरिकेत सर्वांत जास्त पाहिला गेलेला कार्यक्रम हाच होता. चौथी, शेंडेफळ वाहिनी आता मोठ्यांच्या पंगतीत मानाच्या पाटावर!

त्याचंच भावंड म्हणजे २००४ मध्ये आपल्याकडे आलेलं 'इंडियन आयडल'. २००५ मध्ये त्यात पहिला आला तो मुंबईचा अभिजीत सावंत. आठवतंय का विचारा ताई-दादाला.

आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे या.

अमेरिकन आयडलला शहराशहरांतून हजारो मुलं यायची. तीन प्रसिद्ध परीक्षक त्या सगळ्यांना ऐकत असतील का? शक्यच नाही! आधी निर्मात्यांची माणसं ऐकायची. एक फेरी, कधी आणखी एक. त्यातून जे पुढं जायचे तेच परीक्षकांसमोर. आणि पुढं पाठवायची माणसं दोन प्रकारची असायची. एक, फार चांगलं गाणारी. दुसरी, इतकी वाईट गाणारी की बघणाऱ्याला हसू यावं. मधली, म्हणजे बऱ्यापैकी गाणारी, अजून शिकत असलेली मुलं 'थँक यू' म्हणून परत. गाणं वाईट म्हणून नव्हे हं. त्यांची 'गोष्ट' होत नाही म्हणून.

कळलं का, अगं, तुझ्या पुढच्या मुलाला का थांबवून घेतलं ते?

२००४ मध्ये विल्यम हंग नावाचा एक मुलगा असाच परीक्षकांसमोर आला. हाँगकाँगमध्ये जन्मलेला, बर्कलेच्या विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकणारा. सूर नाही, ताल नाही. परीक्षक तोंडावर हात धरून हसू लागले. पण तो शांतपणे म्हणाला, की मी माझ्याकडून होतं ते सगळं केलं, मला खंत नाही. बस्स! ज्याची टिंगल व्हावी म्हणून त्याला आत सोडलं होतं, त्याच्यावर अर्धी अमेरिका माया करू लागली. त्याची गाण्यांची तबकडीसुद्धा निघाली. मात्र सगळे विल्यम नसतात. कॅमेऱ्यासमोर हसं झालेली किती तरी मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत कशी गेली असतील, ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

आणि त्याच वर्षीची दुसरी बाजू ऐक. जेनिफर हडसन नावाची गायिका त्या पर्वात सातव्या क्रमांकावर बाद झाली. लोकांनीच बाद केली! तीन वर्षांनी, २००७ मध्ये, 'ड्रीमगर्ल्स' चित्रपटातल्या कामासाठी तिनं ऑस्कर घेतलं. आपल्याकडे 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' मध्ये २००९ साली पहिली आली कार्तिकी गायकवाड. पण आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित यांना लोक विसरले का? मुळीच नाही. म्हणजे स्पर्धेचा निकाल हा त्या कार्यक्रमाचा निकाल असतो. तुझ्या गळ्याचा नव्हे.

पाचवी पास!

डार्नेलवर मी टीकाच करतोय असं नका समजू. त्याच्या काळात फॉक्सवर एक झकास कार्यक्रमही आला. फेब्रुवारी २००७ मध्ये 'आर यू स्मार्टर दॅन अ फिफ्थ ग्रेडर?' सुरू झालं. मोठ्या माणसांना प्राथमिक शाळेच्या पुस्तकांतले प्रश्न विचारायचे, आणि मदतीला खरीखुरी पाचवीतली मुलं! हरलात तर कॅमेऱ्याकडे बघून कबूल करायचं, की मी पाचवीच्या मुलापेक्षा हुशार नाही. दहा लाख डॉलर सगळ्यात आधी कुणी जिंकले माहीत आहे? २००८ मध्ये, जॉर्जिया राज्याच्या सगळ्या शाळांच्या प्रमुख असलेल्या बाईंनी! नाही तर त्यांची काही धडगत नव्हती! त्याच वर्षी शाहरुख खाननं आपल्याकडे हाच कार्यक्रम 'क्या आप पाँचवी पास से तेज हैं?' म्हणून केला.

इथंही हसू होतं. पण कुणाला? मोठ्या, शहाण्यासुरत्या, स्वतःच्या मर्जीनं आलेल्या माणसांना. मुलं मात्र रुबाबात! टिंगल वरच्याची होते तेव्हा सगळे खळखळून हसतात. खालच्याची होते तेव्हा कुणाचा तरी घसा दाटून येतो. एकाच वाहिनीत, एकाच साहेबाच्या हाताखाली, दोन्ही झालं.

२०१३ मध्ये डार्नेलनं फॉक्स सोडलं आणि तो वॉर्नर ब्रदर्समध्ये अशाच कार्यक्रमांचा प्रमुख म्हणून गेला. त्याला काय येत होतं? लोक दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कशाबद्दल बोलतील, हे त्याला आदल्या दिवशी कळायचं. हा गुण सोपा नाही. पण 'लोक बघतील का?' या प्रश्नापुढे आणखी एक प्रश्न असतो : 'ज्याच्याकडे बघतील, त्याचं काय होईल?' फेब्रुवारी २००० मध्ये तो विचारायचा राहिला, म्हणूनच सगळं कोसळलं.

तर, जाऊ की नको?

जा की! पण या खेपेला डोळे उघडे ठेवून जा.

एक. सही करण्याआधी अर्ज बाबांबरोबर बसून पूर्ण वाच. चित्रण कसं कापायचं, कसं जोडायचं, कुठं दाखवायचं, याचे हक्क तू त्यांना देतेस, असं बहुतेक अर्जांत लिहिलेलं असतं. रांग मोठी असली तरी वाचायला लाजू नकोस.

दोन. 'जरा नाचून दाखव', 'जरा रडवेली हो', 'घरच्या गरिबीबद्दल सांग' असं कुणी म्हटलं आणि तुला नको वाटलं, तर 'नको' म्हण. बाबांना हाक मार. तू गाणं म्हणायला गेली आहेस.

तीन. ही तुझ्या धाकट्या भावंडांसाठी. १४ वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी आपल्या देशात २०१७ पासून नियम आहेत. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळालेल्या पैशातला निदान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. पुष्कळ आई-वडिलांना हे ठाऊकच नसतं. सांगून ठेव.

आणि चार. जाण्याआधी तुझ्या गावच्या गणपतीत ते गाणं अंतऱ्यासकट, शेवटपर्यंत गा. तिथं कुणी मध्येच 'थँक यू' म्हणत नाही!

बाकीच्यांसाठी या आठवड्याचा गृहपाठ. कुठलाही एक स्पर्धेचा कार्यक्रम वही-पेन्सिल घेऊन बघा. स्पर्धकाचं गाणं किंवा नाच किती मिनिटं दाखवला, आणि त्याचं रडणं, घर, आई-बाबा, परीक्षकांचे चेहरे किती मिनिटं, ते लिहा. हसू आलं की थांबा आणि लिहा : कुणाला हसलो? आकडे आमच्याकडे पाठवा. वाहिन्या आपल्याला मोजतात, एकदा आपण त्यांना मोजू!

सातारच्या मैत्रिणी, पुढच्या ऑडिशनहून आलीस की पत्र लिही. निकाल काहीही लागो. अंतरा पूर्ण झाला का, तेवढं मात्र नक्की कळव.

तुमचा,
पडद्यामागचा काका